वृंदावनात चावलं, काशीत तिसरा डोस

या लेखात दोघं जण बोलतात. मामा दरवर्षी थंडीत चाळीसेक यात्रेकरू घेऊन नाशिकरोडहून पंजाब मेलनं मथुरेला निघतात. वृंदावन, अयोध्या, प्रयाग, काशी करून परत येतात. त्यांची भाची एका ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. तिच्या ओपीडीत रोज सकाळी कुत्रा चावलेल्यांची रांग असते. नावं सांगत नाही; असा मामा आणि अशी भाची पुष्कळ घरांत असतात. यात्रेचं सूचनापत्रक मी लिहून देतो, म्हणून त्या संध्याकाळी हजर होतो. स्वेटर, रोजच्या गोळ्या, आधार कार्ड, एवढं लिहून झालं होतं. भाचीनं कागद ओढून घेतला आणि म्हणाली, "यात माकडांचं काहीच नाही."

मामा : माकडांचं काय लिहायचं? चष्मे सांभाळा म्हणून गाडीतच सांगतो मी सगळ्यांना.

भाची : आणि चावलं तर?

मामा : डेटॉल आहे, पट्टी आहे. अगं, इतकी वर्षं नेतोय लोकांना. चारदोन जणांना बोचकारलं, एका काकूंच्या पोटरीला दात लागले. कुणाला काही झालं नाही. तूच सांग, माकडापासून रेबीज झालेला एक तरी माणूस पाहिलायस?

भाची : नाही पाहिला.

ती सरळ कबूल करेल असं मामांना वाटलं नव्हतं. मलाही नाही.

भाची : आणि पाहायला मिळणंही कठीण आहे. जगात माणसांना रेबीज होतो तो 99 टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे, हे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. उरलेल्यात कोल्हे, मुंगूस, मांजर आणि माकड. पण माकडाला रेबीज होतो, त्याच्यापासून माणसाला होऊ शकतो. आपल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत ते नाव आहे.

मामा : म्हणजे लाखात एखादं. त्या एखाद्यासाठी म्हाताऱ्या माणसांची यात्रा नासवायची?

भाची : मामा, कुत्रा चावला की मला एक सोय असते. पहिली लस त्याच दिवशी टोचते आणि घरच्यांना सांगते, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू असेल, तर दहा दिवसांत तो आजारी पडतो, मरतो. धडधाकट राहिला तर पुढचे डोस थांबवता येतात. हा नियम फक्त कुत्र्या-मांजराला लागू आहे. माकडाला नाही. आणि लागू असता तरी बांकेबिहारीच्या देवळाच्या गल्लीतलं ते माकड दहा दिवस कोण बघणार? दुसऱ्या दिवशी त्या छपरावरच्या शंभरांतून तुम्ही ते ओळखून दाखवाल?

मामा : पिसाळलेलं असतं तर तिथंच कळलं असतं. लाळ गळते, अंगावर येतं.

भाची : सगळी तशी नसतात. काही गुमसुम होतात, पाय ओढतात, कोपऱ्यात बसतात. शिवाय लक्षणं दिसायच्या आधी काही दिवस लाळेत विषाणू आलेला असतो. चांगलं दिसत होतं, यावर मी कुणाचा जीव टांगणीला लावणार नाही.

मामा : पण माकडात तो येतो कुठून? ती तर झाडावर.

भाची : झाडावर कुठं राहिलीत आता? कुत्री आणि माकडं एकाच उकिरड्यावर भांडतात. कुत्रं माकडाला चावतं, तेवढं पुरतं.

इथं मामांना माजलगाव आठवलं. बीड जिल्ह्यात, त्याच तालुक्यातल्या लऊळ गावात 2021 मध्ये वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून छपरांवर नेत होती. वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली, आणि देशभरच्या बातम्यांत त्याचं 'वानरांनी घेतलेला सूड' झालं. मेलेल्या पिल्लांचा आकडा दर बातमीत वाढत होता. सूडाचं माहीत नाही, पण वानर आणि कुत्री एकमेकांपासून लांब राहतात या समजुतीत काही अर्थ नाही, एवढं त्या गावानं दाखवलं.

मामांची खरी अडचण मात्र वेगळी होती, आणि ती बाहेर यायला थोडा वेळ लागला.

मामा : माझ्या थोरल्या भावाला लहानपणी कुत्रा चावला होता. पोटात चौदा इंजेक्शनं. रोज एक. शेवटी शेवटी तो दवाखान्याच्या दारातच लोळण घ्यायचा. माझ्या यात्रेकरूंना मी हे कसं सांगू?

भाची : ती लस गेली, मामा. मेंढीच्या मेंदूपासून बनवायचे ती. डेव्हिड सेंपल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं 1911 च्या सुमारास कसौलीत काढलेली पद्धत, आणि आपण ती 2004 च्या अखेरीपर्यंत वापरत राहिलो. दुखायची तर होतीच, क्वचित कुणाच्या मज्जासंस्थेलाही त्रास व्हायचा. लोक घाबरत ते उगाच नाही. पण आता दंडावर टोचतात. सरकारी दवाखान्यात कातडीत अगदी थोडी लस देतात, दोन्ही दंडांवर एकेक टोचणी, आणि चार खेपा. पहिला दिवस शून्य धरायचा. मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. खासगीत स्नायूत देतात, तिथं चौदाव्या दिवसाची एक खेप जास्त. सरकारीत पैसे पडत नाहीत.

मामा : चार खेपा! आणि माझी यात्रा दहा-बारा दिवसांची. माणूस वृंदावनात चावून घेतो, तिथून मी त्याला अयोध्येला नेणार. लसीसाठी सगळ्यांनी थांबायचं? म्हणून मी म्हणतो, जखम धुवा, पट्टी बांधा आणि घरी पोचल्यावर आपल्या डॉक्टरला दाखवा.

मला वाटतं, सगळ्या वादाचं मूळ या एका वाक्यात आहे. मामा निष्काळजी नाहीत. कुणाला ताप आला तर रात्रभर उशाशी बसतात. पण प्रवासातलं दुखणं घरी नेऊन दाखवायचं, ही आपल्या सगळ्यांचीच सवय. पोट बिघडलं, पाय मुरगळला, तर ती चालूनही जाते. इथं चालत नाही, आणि भाचीनं ते मामांच्याच कार्यक्रमपत्रिकेवर बोट ठेवून दाखवलं.

भाची : सोमवारी वृंदावनात चावलं. सोमवार म्हणजे शून्य. तुम्ही गुरुवारी अयोध्येत असता. पुढच्या सोमवारी काशीत. अठ्ठाविसाव्या दिवशी माणूस नाशकात घरी. बघा, तुमच्या यात्रेला हे डोस जणू मापून बेतलेत. कुणालाही कुठं थांबायचं नाही. पहिल्या ठिकाणी केसपेपर काढायचा, कार्डावर लसीचं नाव, तारीख आणि कातडीत दिली की स्नायूत, हे लिहून घ्यायचं. पुढच्या गावच्या सरकारी रुग्णालयात ते कार्ड दाखवायचं. एखादी खेप दोन दिवस चुकली तर चुकली तिथून पुढं चालू, पहिल्यापासून नाही.

मामा : आणि घरी आल्यावर सुरू केलं तर? दहा दिवसांनी काय बिघडणार?

भाची : कदाचित काहीच नाही. हा रोग बहुतेकदा दोन-तीन महिन्यांनी डोकं वर काढतो. म्हणून तर लोक फसतात. पण आठवड्यातही झालेला आहे. विषाणू चाव्याच्या जागेपासून नसेतून मेंदूकडं सरकतो. चेहऱ्यावर, मानेवर चावा असेल तर वाट जवळची, आणि लहान मुलाची वाट आणखी जवळची. तो मेंदूत पोचायच्या आत लसीनं अंगात शक्ती तयार करायची असते. एकदा लक्षणं दिसली, पाणी बघून घसा आवळला, की माझ्याकडं काही उरत नाही. कुणाकडंच उरत नाही. उशिरा आलेल्यालाही मी लस देतेच, कधीच न देण्यापेक्षा ती बरी. पण उशिराची योजना आधीच आखून निघणं मला कळत नाही.

मामा गप्प होते. भाचीनं तेवढ्यात दुसरा मुद्दा काढला, आणि मला तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटला, कारण तो मलाही माहीत नव्हता.

भाची : नुसत्या लसीनं भागतं असंही नाही. रक्त आलं असेल तर जखमेतच एक दुसरं इंजेक्शन भरावं लागतं, तयार प्रतिपिंडांचं. लसीचा परिणाम व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर हे जागेवर पहारा करतं. ते पहिल्या लसीबरोबरच द्यायचं. नाहीच जमलं तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत. त्यानंतर देऊन उपयोग नाही.

मामा : ते महाग असतं म्हणतात.

भाची : माणसाच्या रक्तापासून केलेलं महाग असतं आणि वजनावर मोजून लागतं, म्हणून जाडजूड माणसाला जास्त. घोड्याच्या रक्तापासून केलेलं स्वस्त आहे, सरकारी रुग्णालयात तेच बहुधा मिळतं. आणि तिसरं आपल्या पुण्याचं. सीरम इन्स्टिट्यूटनं एका अमेरिकी संस्थेबरोबर प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिपिंड काढलं, 2016 मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण प्रत्येक लहान दवाखान्यात यातलं काही असेलच असं नाही. म्हणून सोबत असेल त्यानं विचारायचं, 'जखमेत भरायचं इंजेक्शन इथं आहे का? नसेल तर कुठं आहे?' वन्य प्राण्याचा चावा आपल्याकडं तिसऱ्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या वर्गात धरतात. तिथं घासाघीस नको.

मामा : धुवायचं तर मीही सांगतोच की.

भाची : तुम्ही भांडं विसळल्यासारखं धुता. पंधरा मिनिटं, मामा. घड्याळ लावून. नळाखाली, साबणानं. हॉटेलातला अंगाचा साबण चालतो. मग आयोडीनचं औषध. या रोगाच्या विषाणूवर चरबीचं वेष्टण असतं, साबणानं ते फुटतं. सगळ्या उपचारात फुकट आणि सगळ्यांत दुर्लक्षित हेच. आणि चुना, हळद, तिखट, तंबाखू काही भरायचं नाही. टाकेही लगेच घालू द्यायचे नाहीत, घट्ट पट्टीही नको. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्यायचं. माकडाच्या तोंडातल्या जंतूंनी जखम चिघळते, त्यासाठी प्रतिजैविकं लागू शकतात. खरं तर चाव्यानंतर रेबीजपेक्षा जास्त वेळा होतं ते हेच.

मग विषय खाण्याकडं वळला, आणि पारडं फिरलं.

भाची : लोकांना सांगा, माकडांना काही द्यायचं नाही.

मामा : हे मी सांगणार नाही. आमच्याकडं शनिवारी मारुतीपुढं बसलेल्या वानराला चणे दिल्याशिवाय माझी आई जेवत नव्हती. तीर्थाला जाऊन भुकेल्या जिवाला घास द्यायचा नाही, असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

भाची : तो भुकेला नाही, मामा. त्याला वसुली करायची सवय लागलीये. वृंदावनात माकड चष्मा पळवतं आणि फ्रूटीचं खोकं दिल्याशिवाय सोडत नाही. 2022 मध्ये मथुरेच्या जिल्हाधिकाऱ्यांचाच चष्मा नेला होता. बालीतल्या उलुवातूच्या देवळात तर अभ्यासकांनी पाहिलं, की तिथली मोठी माकडं माणसाला काय महागाचं वाटतं हे ओळखून तेच चोरतात, आणि मोबाईलसारख्या वस्तूच्या बदल्यात जास्त खाणं मिळेपर्यंत अडून बसतात. हे आपणच शिकवलंय.

मामा : बरोबर. आणि त्यांचं जंगल कुणी नेलं? यमुनेकाठची झाडी कुणी तोडली? आधी घर घ्यायचं, मग म्हणायचं दारात भीक मागू नका. आता तर म्हणायचं, भीकही घालू नका. तुझ्या शास्त्रात याला काय उत्तर आहे?

भाचीकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही, आणि ते कुणाकडं असेल तर एका यात्रेच्या पत्रकात मावणार नाही. पण ती जिथं बरोबर होती तिथं ठाम राहिली.

भाची : उत्तर नाही. पण हातातून द्यायचं नाही, एवढं तरी ठेवा. चावे बहुतेक हातात खाणं असतानाच होतात. लहान मुलाच्या हातातला बिस्किटपुडा माकडाच्या तोंडाच्या उंचीवर असतो. माकड पिशवीला झोंबलं, तर पिशवी सोडून द्यायची. तिथं ओढाताण झाली की दात लागतात. प्रसादाची प्लास्टिकची पिशवी हातात लोंबकळत न्यायची नाही, बॅगेत टाकायची. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, दात काढून हसायचं नाही, त्यांना ते आव्हान वाटतं. पिल्लाबरोबर फोटो तर नकोच, त्याची आई आसपास असते. अंगावर आलं तर रिकामे तळवे दाखवून हळूहळू मागं सरायचं. पळायचं नाही, आणि गच्चीवर, घाटाच्या पायऱ्यांवर तर मुळीच नाही. दिल्लीचे उपमहापौर सुरिंदरसिंग बाजवा 2007 मध्ये गेले ते रेबीजनं नाही. माकडांना हुसकावताना घराच्या गच्चीतून पडले.

मामांनी ते शेवटचं दोनदा विचारून घेतलं. त्यांच्या यात्रेकरूंची वयं पाहता, ते त्यांना सगळ्यांत पटलेलं दिसलं.

मग मामांनी एकदम दुसरं टोक गाठलं. मला वाटतं, कुणाचं पटलं की ते त्याच्याही पुढं जातात.

मामा : मग असं करू. निघायच्या आधीच चाळीसच्या चाळीस जणांना लस देऊन टाक. कटकट नको.

भाची : नको.

मामा : आता नको? इतका वेळ मला घाबरवलंस ते?

भाची : आधी लस घेतली म्हणजे चावल्यावर काही करायचं नाही, असं होत नाही. धुवायचं तसंच, आणि लसीचे दोन डोस घ्यायचेच, शून्य आणि तिसऱ्या दिवशी. वाचतं ते जखमेत भरायचं इंजेक्शन. दहा-बारा दिवसांच्या तीर्थयात्रेला, जिथं प्रत्येक मोठ्या गावात सरकारी रुग्णालय आहे, तिथं चाळीस जणांना टोचणं मला पटत नाही. पण तुमचा मुलगा बायकोबरोबर बालीला जाणार म्हणत होता ना? त्यानं विचार करावा. बालीत 2008 पर्यंत रेबीज नव्हता. मग कुत्र्यांत शिरला तो अजून गेलेला नाही. उबुदच्या माकडांच्या वनात सगळे पर्यटक जातात, आणि परक्या देशात जखमेत भरायचं इंजेक्शन वेळेवर मिळेलच असं नाही. महिनोन्महिने भटकणारे, लहान मुलं घेऊन खेड्यापाड्यांत राहणारे, जनावरांत काम करणारे यांनी आधी घेतलेली बरी.

सावंतवाडीकडचे एक यात्रेकरू मामांच्या ओळखीचे आहेत. त्यांना माकडतापाची धास्ती. भाचीनं ती एका वाक्यात काढली: तो ताप दोडामार्गाकडं आणि गोव्यात सत्तरीकडं आहे खरा, पण तो गोचिडीच्या चाव्यानं होतो, माकडाच्या नाही. 'बी विषाणू' म्हणून मोबाईलवर काहीतरी फिरत होतं, तेही मामांनी विचारलं. तो खरा आहे. लाल तोंडाच्या माकडांत असतो आणि 1932 पासून माहीत आहे. माणसांत आढळलेले रुग्ण फार थोडे आणि त्यातले बहुतेक प्रयोगशाळांत माकडांबरोबर काम करणारे. 2024 मध्ये हाँगकाँगमध्ये रानातल्या माकडांशी झटापट झालेल्या एकाला मात्र झाला. त्यावर विषाणूविरोधी औषध आहे, म्हणून डॉक्टरला 'काहीतरी चावलं' न म्हणता 'माकड चावलं' असं स्पष्ट सांगायचं. भाची यापुढं त्यात शिरली नाही, आणि ते योग्यच होतं.

मामा : म्हणजे शेवटी तुझं म्हणणं असं, की होण्याची शक्यता नगण्य, पण करायचं सगळं.

भाची : झालं तर माणूस वाचत नाही आणि वेळेत केलं तर सहसा जात नाही. असा दुसरा रोग मला दाखवा, मी त्याच्यासाठीही हेच सांगेन. आपल्याकडं वर्षाला रेबीजनं जाणाऱ्यांचा अंदाज पूर्वी वीस हजारांपर्यंत सांगायचे. अलीकडच्या देशभरच्या पाहणीत तो 5,700 च्या आसपास आलाय. माझ्या ओपीडीतली रांग कंटाळवाणी असते, पण मला वाटतं त्या घटीत तिचा वाटा आहे.

चण्यांबद्दल मामा हरले, असं मी म्हणणार नाही. 'माकडांना काही द्यायचं नाही' ही ओळ त्यांनी पत्रकात लिहू दिली नाही, 'हातातून देऊ नये' एवढ्यावर तडजोड झाली. लसीबद्दल मात्र त्यांच्याजवळ 'घरी गेल्यावर बघू' यापलीकडं काही नव्हतं, आणि ते त्यांनी स्वतःच खोडलं. पत्रकात आता मथुरा, अयोध्या आणि वाराणसीच्या सरकारी रुग्णालयांचे पत्ते आहेत. जवळ बाळगायच्या वस्तूंत साबणाची वडी आणि आयोडीनचं औषध आहे. तुम्ही यंदा कुठल्याही मंडळाबरोबर निघणार असाल, वणीला, माथेरानला किंवा बालीला, तर संयोजकाला निघण्याआधी एवढंच विचारा: चावलं तर त्याच दिवशी, त्याच गावात, पहिली लस कुठं मिळेल?